दोन गोलांनी हुकलेली थाळी

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते, की शनिवारी सकाळी मी हँडबॉलच्या घड्याळापाशी बसलेली असते, तेव्हा कृपा करून फोन करू नका. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की संपादकांनी व्हिसा, घरभाडं आणि जर्मन शाळांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलले. या वेळचं पान पूर्ण हँडबॉलचं.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची अमरावतीची. कॉलेजात डाव्या विंगला खेळायचे, उंची बेताची म्हणून. 2002 पासून जर्मनीच्या उत्तर टोकाला, कील या बंदराच्या गावात राहते. आठवडाभर एका दंतवैद्याकडे रिसेप्शनवर असते आणि शनिवारी आमच्या पेठेतल्या क्लबच्या पोरांच्या सामन्यांचं घड्याळ सांभाळते. पगार नाही. कॉफी आणि केकचा तुकडा मिळतो.

प्रश्न : 2023 मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि आपली महाराष्ट्र आयर्नमेन जिंकली. जर्मनीची लीग तशीच असते ना, फक्त मोठी? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

नाही रे बाबा. आणि फरक नुसता आकाराचा नाही.

जयपूरची लीग मी इथे बसून मोबाइलवर पाहिली. अंतिम सामन्यात आयर्नमेननं उत्तर प्रदेशच्या गोल्डन ईगल्सना 38-24 असं लोळवलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. पण सहा संघ, जूनमधले अठरा दिवस आणि सगळे सामने एकाच सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये. नावात महाराष्ट्र, पण महाराष्ट्रात एकही सामना नाही. पुण्यातल्या पोराला आपला संघ बघायला राजस्थान गाठावं लागणार. मला तेवढंच खुपलं, बाकी सुरुवात झकास होती.

इथल्या बुंडेसलीगात, म्हणजे देशाच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, 18 संघ आहेत. प्रत्येक संघ उरलेल्या सतरांशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या गावात आणि एकदा त्यांच्या. म्हणजे 34 सामने. उन्हाळा सरता सरता सुरू होते ती जूनपर्यंत चालते. मध्ये जानेवारीत विश्वचषक किंवा युरोपची स्पर्धा असते म्हणून लीगला सुट्टी. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, मात्र सामने असतातच. आदल्या दिवशी बदक खाऊन सुस्तावलेली घरंच्या घरं हॉलमध्ये येऊन बसतात. खेळाडूंचा लिलाव नाही. शेवटचे दोन संघ दुसऱ्या श्रेणीत घसरतात आणि तिथले दोन वर येतात.

आता नावं बघ. आमच्या क्लबला 'टे-हा-वे कील' म्हणतात. ती अक्षरं म्हणजे टुर्नफेराइन हासे-विंटरबेक, 1904 मध्ये स्थापन झालेलं व्यायाम मंडळ. हासे आणि विंटरबेक हे कीलचेच भाग. म्हणजे देशाचं विजेतेपद 23 वेळा जिंकलेला, चार वेळा युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग घेतलेला संघ मुळात दोन पेठांची तालीम आहे. लेमगो चाळीसेक हजार वस्तीचं गाव, गुमर्सबाख पन्नासेक हजारांचं. मेल्झुंगन तर चौदा हजारांच्या आसपास. तिथे एवढा मोठा हॉलच नाही, म्हणून त्यांचा संघ शेजारच्या कासेल शहरात खेळतो. मेल्झुंगन हे नाव तू कदाचित कुठेच वाचलं नसशील, पण तिथली बी. ब्राउन ही कंपनी दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीवर वाचली असशील. तीच या क्लबची पाठीराखी. आपल्याकडे कराड, वाई आणि मुंबई एकाच लीगमध्ये असावेत आणि वाईनं मुंबईला वाईतच हरवावं, तसा हा प्रकार.

प्रश्न : लीगमध्ये अंतिम सामनाच नसतो असं वाचलं. मग शेवटी मजा काय उरते? चुरस कशी होते? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

काका, 24 मे 2014 ची गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा.

जिंकलात की दोन गुण, बरोबरी झाली की एक. त्या वर्षी 33 सामने झाले तेव्हा कील आणि मानहाइमच्या बाजूचा राइन-नेकार ल्यॉवेन, दोघांचे गुण सारखेच. ल्यॉवेन पहिल्या क्रमांकावर होता, कारण त्याचा गोलफरक सातनं जास्त होता. गोलफरक म्हणजे वर्षभरात मारलेले गोल वजा खाल्लेले गोल. तुमच्या क्रिकेटच्या नेट रनरेटचा हा साधा, भागाकार नसलेला भाऊ. शेवटच्या दिवशी कील आपल्या घरी बर्लिनच्या फ्युक्सेशी खेळणार होता आणि ल्यॉवेन गुमर्सबाखला जाऊन तिथल्या संघाशी. दोन्ही सामने एकाच वेळी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहायचे. कीलच्या हॉलमध्ये बहुतेक खुर्च्या वर्षभराच्या तिकीटवाल्यांच्या असतात, तशा या दोघांच्याही होत्या. त्या दिवशी आजोबांना ताप होता. सकाळी आजी दारात उभ्या. "तू येतेस का? पण ओरडावं लागेल." तिकीट असं मिळालं.

हॉलही सांगण्यासारखा आहे. सिल्ट बेटावरच्या विमानांच्या हँगरचा लोखंडी सांगाडा आणून तो 1951 मध्ये उभा केला. नाव प्रायोजकांप्रमाणे बदलत आलंय, पण जुने लोक 'ओस्टझेहाल', बाल्टिक सागराचा हॉल, असंच म्हणतात. दहा हजारांवर माणूस बसतो. संघाचा शर्ट काळा-पांढऱ्या पट्ट्यांचा, म्हणून हे 'झेब्रे'. आजींच्या गळ्यातला मफलरही तसाच, टोकाशी उसवलेला.

सामना सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, की आजूबाजूची निम्मी माणसं मैदानाकडे बघतच नाहीत. एक डोळा फळ्यावर, एक मोबाइलवर. गुमर्सबाखला काय झालं? आजींनी पर्समधून पेन्सिल काढली आणि तिकिटाच्या पाठीवर दोन रकाने पाडले. एकात आपण कितीनं पुढे, दुसऱ्यात ते कितीनं पुढे. पहिल्यातून दुसरा वजा करायचा आणि उत्तर सातच्या वर हवं. एरवी दहा गोलांची आघाडी मिळाली की प्रेक्षक सैलावतात, चकल्या-शेव काढतात म्हणा ना. त्या दिवशी दहाची आघाडी असूनही लोक नखं खात होते. बर्लिनवाल्यांनी एक गोल केला की ल्यॉवेननं केल्यासारखी कळ उठायची.

कील 37-23 असा जिंकला. चौदाचा फरक. तिकडे ल्यॉवेन 40-35 नं जिंकला. पाचचा. चौदातून पाच गेले नऊ, नवातून सात गेले दोन. वर्षभर 34 सामने, शेकड्यांनी गोल, आणि विजेतेपदाची ती चांदीची थाळी दोन गोलांनी कीलला. आजींनी 'दोन'भोवती इतकी जोरात गोल रेघ ओढली की कागद फाटला. तो कागद आता माझ्याकडे आहे, त्या गेल्यावर त्यांच्या मुलीनं दिला.

मी मात्र नंतर बरेच दिवस ल्यॉवेनच्या पोरांचा विचार करायचे. केव्हातरी ऑक्टोबरमधल्या एखाद्या जिंकलेल्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, कुणीतरी मनात म्हटलं असेल, जाऊ दे, एक गोल काय तो. (2016 आणि 2017 मध्ये लागोपाठ दोनदा जिंकून त्यांनी ते फेडलं. तेव्हा कुठे मलाही बरं वाटलं. आजींसमोर हे बोलायची सोय नव्हती.)

अंतिम सामना नसला तरी शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला लागण्याचे प्रकार नंतरही झालेत. 2025 मध्ये बर्लिनच्या फ्युक्सेनं शेवटच्याच दिवशी मानहाइमला जाऊन सामना जिंकला आणि पहिल्यांदा थाळी उचलली. त्या वर्षी त्यांच्या माथियास गिडसेल या डॅनिश डावखुऱ्यानं सर्वांत जास्त गोल केले. तो खेळताना बघा एकदा. धिप्पाड नाही, सडपातळ पोरगा. पण दोन बचावपटूंमधून असा सटकतो जसा आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतून वाढपी.

प्रश्न : माझ्या शाळेतल्या मुलांच्या हातातून चेंडू निसटतो. परदेशी खेळाडू काहीतरी चिकट लावतात असं व्हिडिओत दिसलं. ते काय असतं? पूजेच्या दुकानात मिळणारी राळ चालेल का? (क्रीडाशिक्षक, यवतमाळ जिल्हा)

सर, तुम्ही बरोबर ओळखलंत. ती राळच. जर्मन भाषेत 'हार्त्स'. पाइनच्या झाडाच्या डिंकापासून बनवतात, पण दुकानातल्या खड्यांसारखी कोरडी नसते. डबीत घट्ट मधासारखी असते. खेळाडू सामन्याआधी त्याचा एक गोळा बुटाच्या टाचेवर किंवा बाजूला थापून ठेवतात आणि खेळता खेळता दोन बोटं टेकवून घेतात. मग चेंडू एका हातात उलटा धरला तरी पडत नाही. हवेत उडी मारून मनगट वळवून जे फिरते गोल करतात ना, चेंडू गोलकीपरच्या बाजूला टप्पा घेऊन मागे वळतो, ते राळेशिवाय फार कठीण.

पण राळेची दुसरी बाजू मला जास्त ठाऊक आहे, कारण आमच्या क्लबच्या हॉलमध्ये तिला बंदी आहे. हॉल नगरपालिकेचा. सकाळी त्यात शाळेची पोरं खेळतात, संध्याकाळी म्हाताऱ्यांचे व्यायाम, मंगळवारी बॅडमिंटन. राळ जमिनीवर पडली की काळी पडते. तिच्यावर धूळ बसते. साध्या पाण्यानं जात नाही, वेगळं रसायन आणि यंत्र लागतं, आणि त्याचं बिल क्लबला येतं. दोन वर्षांपूर्वी पाहुण्या संघातल्या एका पोरानं मोज्यात डबी लपवून आणली. सामना संपल्यावर दाराची मूठ, बाकडं, पाण्याच्या बाटल्या, माझ्या टेबलावरचा कागद, सगळं चिकट. आमच्या हॉलच्या शिपायानं जी राळ उडवली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्याकडे मशालीवर राळ फेकली की भडका उडायचा, त्यावरून तो वाक्प्रचार आला. त्या माणसाला बघून मला तो पहिल्यांदा नीट कळला.

तेव्हा तुमच्या मुलांना राळ नको. उघड्या मैदानावर तर मुळीच नको. धूळ चिकटून चेंडूचा खडबडीत दगड होईल. आधी एक तपासा, चेंडू कुठल्या मापाचा आहे? मोठ्या पुरुषांचा चेंडू तीन नंबरचा, घेर 58 ते 60 सेंटीमीटर, वजन 425 ते 475 ग्रॅम. बायका आणि कुमारवयीन मुलं दोन नंबरचा वापरतात, 54 ते 56 सेंटीमीटर. त्याहून लहानांना एक नंबर. बऱ्याच शाळांत एकच चेंडू असतो आणि तो तीन नंबरचा असतो. माझ्याही शाळेत तेच होतं. सहावीतल्या मुलीच्या हातात तो बसतच नाही, मग ती दोन्ही हातांनी बास्केटबॉलसारखा फेकायला लागते आणि ती सवय पुढे सुटत नाही. चेंडू थोडा मऊ ठेवा, हवा कमी भरा. हात कोरडे पुसायला फडकं ठेवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आणि कधी चुकून बोटांना राळ लागलीच तर साबण घासत बसू नका. तेल लावा. इथले लोक सॅलडचं तेल वापरतात, मी खोबरेल वापरते. त्या दिवशी माझ्या बाटलीभोवती जर्मन बायकांची रांग लागली होती.

प्रश्न : मुलगा सिमेंटच्या मैदानावर हँडबॉल खेळतो, गोल मारताना अंग झोकून देतो. भीती वाटते. खेळू द्यावं का? (एक आई, इचलकरंजी)

ताई, खेळू द्या, पण सिमेंटवर झोकून देऊ नको म्हणून सांगा. हे मी वरवर सांगत नाहीये.

गुमर्सबाखचा योआखिम डेकार्म 1978 च्या विश्वविजेत्या पश्चिम जर्मन संघात होता. जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. 30 मार्च 1979 ला हंगेरीतल्या तताबान्या इथे युरोपीय चषकाच्या सामन्यात समोरच्या खेळाडूशी त्याची धडक झाली आणि डोकं जमिनीवर आपटलं. जमीन म्हणजे काँक्रीट आणि त्यावर पातळ प्लास्टिकचा थर. तो 131 दिवस बेशुद्ध होता. वय 25. शुद्धीवर आल्यावर बोलणं, चालणं, सगळं नव्यानं शिकावं लागलं.

आता मोठ्या सामन्यांच्या हॉलची जमीन खालून लवचीक असते, उडी मारली की किंचित दबते. सिमेंटचं मैदान दबत नाही. म्हणून उडी मारून फेक हवी तर मुलानं दोन पायांवर उतरायचं, गडगडत जायचं नाही. हवेत असलेल्या खेळाडूला मागून किंवा बाजूनं ढकलणं हा खेळातला सर्वांत वाईट गुन्हा समजतात, त्यावर थेट लाल कार्ड निघतं. शाळेचे सर तो नियम पाळायला लावतात का, ते एकदा मैदानावर जाऊन बघा. लावत नसतील तर भांडा.

प्रश्न : 1978 साली मी कंपनीच्या प्रशिक्षणासाठी पूर्व जर्मनीत माग्डेबुर्गला आठ महिने होतो. तिथल्या कामगारांनी एकदा हँडबॉलला नेलं होतं. तो क्लब आहे का अजून, की भिंतीबरोबर गेला? (एक वाचक, पिंपरी)

काका, तुम्ही भलत्याच भाग्याच्या वर्षी गेला होतात. त्याच 1978 मध्ये एस-त्से माग्डेबुर्गनं युरोपातल्या विजेत्या क्लबांचा चषक जिंकला. 1981 मध्ये पुन्हा. पूर्व जर्मनीचं विजेतेपद दहा वेळा.

भिंत पडली, 1991 मध्ये दोन्हीकडच्या लीग एक झाल्या. पूर्वेकडचे कारखाने बंद पडत होते, खेळाडू पश्चिमेला जात होते. पण माग्डेबुर्ग टिकला आणि 2001 मध्ये एकत्रित जर्मनीची लीग जिंकणारा पूर्वेचा पहिला क्लब ठरला. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग. तेव्हाचे प्रशिक्षक आइसलंडचे आल्फ्रेड गिस्लासन. हेच गृहस्थ पुढे आमच्या कीलला आले आणि 2011-12 मध्ये त्यांच्या हाताखाली कीलनं 34 पैकी 34 सामने जिंकले. 68 पैकी 68 गुण. नापास होणाऱ्यांना सोडा, मेरिटवाल्यांनाही लाज वाटेल अशी गुणपत्रिका.

माग्डेबुर्गनं 2022 आणि 2024 मध्ये पुन्हा लीग घेतली, 2023 आणि 2025 मध्ये चॅम्पियन्स लीग. 2023 मध्ये कोलोनला उपान्त्य सामन्यात त्यांच्या गिस्ली क्रिस्त्यान्सन या आइसलंडी खेळाडूचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तो परत मैदानात. पोलंडच्या किएल्त्सेवर जादा वेळेत 30-29 असा विजय. तुमचे ते कामगार मित्र हयात असतील तर त्यांना पत्र टाका, खूश होतील.

प्रश्न : तुम्ही क्लब, गाव, मंडळ असं गोड गोड लिहिता. शेवटी सगळं पैशावरच चालतं ना? (वाचक, पुणे)

चालतं. पुण्याहून हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं.

प्रत्येक मोठ्या क्लबचे दोन भाग असतात. एक फेराइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. त्यात सभासद, वर्गणी, लहान मुलांचे संघ, आजीबाईंचा व्यायामवर्ग. दुसरी कंपनी, जी व्यावसायिक संघ चालवते. तिला दर वर्षी लीगच्या कार्यालयापुढे जमाखर्च ठेवून परवाना मिळवावा लागतो. तिकिटं आणि प्रायोजक यांच्यावर ती जगते. फुटबॉलसारखा दूरचित्रवाणीचा पाऊस इथे पडत नाही.

आणि बुडतातही. हाम्बुर्गचा संघ 2011 मध्ये लीग जिंकला, 2013 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला, तीसुद्धा बार्सिलोनाला हरवून. बराचसा भार एका धनाढ्य पाठीराख्यावर होता. त्याचा हात आखडला आणि जानेवारी 2016 मध्ये, हंगामाच्या मध्यावर, संघच लीगमधून बाद झाला. त्यांचे झालेले सगळे सामने रद्द ठरले. ज्यांनी त्यांना हरवलं होतं त्यांचेही गुण गेले. युरोपचं विजेतेपद मिळवल्याला तीन वर्षंही झाली नव्हती.

पण बुडाली ती कंपनी. मंडळ उरलं, पोरांचे संघ उरले. तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करून ते 2021 मध्ये परत वर आले. मालक गेल्यावर मागे काय उरतं, हे मी त्यावरून बघायला शिकले. जयपूरच्या लीगबद्दलचं माझं खुपणंही तेच होतं, दादा. पैशाचं नव्हतं.

प्रश्न : जर्मनांना हा खेळ सापडला कुठे? (थोडक्यात सांगा, आमच्याकडे पैज लागली आहे. बार्शी)

बर्लिनमध्ये 1917 च्या ऑक्टोबरात माक्स हाइझर यांनी मुलींसाठी नियम लिहिले, 1919 मध्ये कार्ल शेलेन्झ यांनी ते बदलून पुरुषांसाठी आणले. आधी अकरा-अकरा जण गवतावर खेळायचे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तोच खेळ होता. अंतिम सामन्यात जर्मनीनं ऑस्ट्रियाला 10-6 असं हरवलं, भर पावसात, लाखभर लोकांसमोर. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिनमध्ये कबड्डी आणि देशी खेळ दाखवले होते. माहेरचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. उत्तरेकडच्या थंडीनं खेळ हॉलमध्ये नेला. सात-सातचा झाला, 1972 पासून ऑलिम्पिकमध्येही. लीग 1966 मध्ये उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत सुरू झाली, 1977 पासून एकच. पैज कुणी जिंकली ते कळवा.

प्रश्न : तुम्ही टेबलावर बसून नक्की काय करता? मला पण करायचंय. (इयत्ता सातवी, चिपळूण)

बेटा, माझ्यासमोर घड्याळाचं एक यंत्र असतं, एक शिट्टी, आणि दोन्ही प्रशिक्षकांकडे हिरवी कार्डं. मोठ्यांचा सामना तीस-तीस मिनिटांचा. पंचांनी हातानं टी दाखवला की घड्याळ थांबवायचं. कुणाला दोन मिनिटं बाहेर काढलं तर त्याची वेळ वेगळी मोजायची, आणि तो एक सेकंदही आधी आत आला तर शिट्टी वाजवायची. एका खेळाडूला तिसऱ्यांदा बाहेर काढलं की लाल कार्ड. माझ्या शेजारी बसलेली बाई गोल लिहिते. मी लिहीत नाही, माझं जर्मन हस्ताक्षर कुणाला वाचता येत नाही.

प्रशिक्षकाला एक मिनिटाची विश्रांती हवी असेल तर तो माझ्या टेबलावर हिरवं कार्ड ठेवतो. चेंडू त्याच्या संघाकडे असेल तरच. मी लगेच शिट्टी मारून घड्याळ थांबवायचं.

पहिल्या वर्षी एकदा मी गडबडले. बारा वर्षांच्या मुलींचा सामना, 17-17, शेवटची वीस सेकंदं. एका प्रशिक्षकानं कार्ड आपटलं आणि त्याच क्षणी त्याच्या संघातल्या मुलीच्या हातातून चेंडू निसटून दुसऱ्या संघाकडे गेला. मी शिट्टी मारली. दुसऱ्या संघाची मुलगी एकटी गोलकडे पळत होती, ती थांबली. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. कार्ड आधी की चेंडू आधी? पंच आले आणि त्यांनी मला विचारलं. पंचही पोरगाच, अठरा-एकोणीस वर्षांचा. मी म्हटलं, "चेंडू आधी सुटला. माझी चूक झाली." चेंडू त्या मुलीच्या संघाला परत मिळाला, पण पळून गेलेली वाट परत मिळाली नाही. सामना बरोबरीत सुटला.

ती मुलगी बाहेर जाताना टेबलापाशी आली. मला वाटलं, आता ऐकवणार. तिनं माझ्या पुढ्यातल्या ताटलीतला केकचा तुकडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि खात खात निघून गेली.